तबकडीची परीक्षा तानपुऱ्यावर

रेकॉर्ड चांगली दाबली गेली आहे की नाही, हे गाण्यावरून ठरवू नये, तानपुऱ्यावरून ठरवावं. गाणं रंगात आलं की लक्ष गायकामागे जातं. तान कुठून उठली, समेवर कशी उतरली, यात तबकडीचे निम्मे दोष झाकून जातात. पण ख्याल सुरू होण्याआधी, तबलजीने हात टाकण्याआधी, जे काही क्षण नुसता तानपुरा वाजतो, तिथे कारखान्याला लपायला जागा नसते. मागे खरखर असेल तर ती ऐकू येते. षड्ज जागचा हलत असेल तर तो हलताना ऐकू येतो. एकाच बाजूच्या स्पीकरमधून काहीतरी टरकल्यासारखा बारीक आवाज येत असेल, तर तोही तिथेच पकडता येतो.

एकाच ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या अनेक देशांत, अनेक कारखान्यांत दाबल्या जातात आणि त्या सारख्या वाजत नाहीत. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन प्रतीही कधी कधी सारख्या नसतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रेकॉर्डचा शौक पुन्हा वाढला, तसे दुकानांतले प्रश्नही ठरून गेले आहेत: १८० ग्रॅमची आहे का? जर्मनीची आहे का? जपानची मिळेल का? हे प्रश्न निरर्थक नाहीत, पण ते कडेकडेने जातात. एका तबकडीला प्रेसमध्ये किती सेकंद मिळाले, साचा कधी बदलला आणि कारखान्याने स्वतःहून किती माल बाद केला, या तीन गोष्टींत तबकडीचा बराचसा दर्जा ठरतो. त्या पाकिटावर छापलेल्या नसतात, पण तबकडीवर त्यांच्या खुणा राहतात आणि त्या वाचायला शिकता येतं.

सुरुवात लॅकरपासून होते. ॲल्युमिनियमच्या सपाट चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर चढवलेला असतो. ही चकती कटिंग लेथवर फिरते आणि माणकाची किंवा नीलमण्याची तापवलेली छिन्नी तिच्यावर खाच कोरत जाते. बर्लिनच्या नॉयमान कंपनीची कित्येक दशकांपूर्वीची लेथ यंत्रं आजही जगभरातल्या स्टुडिओंत याच कामाला जुंपलेली आहेत. बाजू वीस मिनिटांची असेल, तर बाहेरून आत येणारी ती एकच खाच उलगडल्यास चारशे मीटरहून लांब भरेल. रुंदीला ती मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. स्टिरिओ तबकडीत तिच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात, डावा एका भिंतीवर आणि उजवा दुसऱ्या.

इथेच एक मर्यादा जन्माला येते आणि पुढे कुठलाही कारखाना ती पुसू शकत नाही. तबकडी मिनिटाला ३३.३३ फेऱ्यांच्या ठरावीक गतीने फिरते, पण खाच आत आत येते तसा वर्तुळाचा परीघ लहान होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला आता निम्म्याहून कमी जागा मिळते. म्हणून बाजूच्या शेवटी 'स' आणि 'श' फाटतात, तार सप्तक खरखरीत होतं. ख्यालाची तबकडी या बाबतीत जास्त अडचणीत असते. भावगीतांच्या तबकडीत शेवटचं गाणं शांत निवडता येतं. ख्यालात द्रुत बंदिश, तानांचा वर्षाव आणि तबल्याची लय, सगळं नेमकं शेवटी, म्हणजे सर्वांत अरुंद जागेत येतं. त्यातून बाजू पंचवीस मिनिटांपर्यंत ताणली, की खाचा जवळजवळ बसवाव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. मग मागची खरखर वर येते. अशा तबकडीबद्दल कारखान्याला दोष देण्याआधी बाजूची लांबी पाहावी.

कोरलेलं लॅकर फार दिवस ठेवून चालत नाही. थर मऊ असतो, खाचेच्या कडा हळूहळू सैलावतात आणि बारीक, वरच्या पट्टीतला आवाज सर्वांत आधी जातो. म्हणून चांगले कारखाने एक-दोन दिवसांत ते धातूच्या मुलाम्याला घेतात. आधी त्यावर चांदीचा अगदी पातळ थर फवारतात, म्हणजे वीज वाहू शकेल. मग निकेलच्या हौदात ते बुडवून ठेवतात. निकेलचा पत्रा सोलून काढला की खाचेच्या जागी उंचवटा असलेली उलटी प्रत मिळते. तिला फादर म्हणतात. फादरवरून सुलटी मदर घडते आणि मदरवरून पुन्हा उलटे स्टॅम्पर, म्हणजे प्रत्यक्ष दाबण्याचे साचे. स्वच्छतेचा पहिला कस मुलाम्याच्या या खोलीत लागतो. लॅकरवर बसलेला एक धूलिकण फादरमध्ये उतरतो, मदरमध्ये उतरतो, सगळ्या साच्यांत उतरतो आणि अखेर हजारो घरांत त्याच ओळीवर टक् असा वाजतो. तुमच्या तबकडीत एखादा टक् आवाज येत असेल आणि मित्राच्या प्रतीतही तो त्याच जागी येत असेल, तर तो ओरखडा नसून मुलाम्याच्या खोलीतला आहे हे समजावं.

या लॅकरचा पुरवठा किती नाजूक आहे, ते ६ फेब्रुवारी २०२० रोजी कळलं. कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्स हा कारखाना त्या दिवशी जळाला आणि जगाला लॅकर पुरवणारा मोठा उत्पादक जपानमधला एकच उरला. दुसरी वाट आधीपासून होती. जर्मनीच्या टेलडेक कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लॅकरऐवजी थेट तांब्याच्या थरावर कोरण्याची रीत आणली. डायरेक्ट मेटल मास्टरिंग, थोडक्यात डीएमएम, या नावाने ती ओळखली जाते. तांबं सैलावत नाही, फादर-मदरचे टप्पे कमी होतात, शेजारच्या खाचेतला आवाज पुढच्या शांततेत झिरपत नाही. काही जणांना तिचा आवाज अंमळ टोकदार वाटतो. मला विचाराल तर तानपुरा आणि सतार यांच्या तबकड्यांना ती मानवते, कारण शांत जागा खरोखर शांत राहतात.

साच्याला आयुष्य असतं. साधारण हजारभर तबकड्या दाबल्यावर निकेलच्या बारीक कडा झिजू लागतात. काटेकोर कारखाना त्याआधीच साचा बदलतो. घाईतला कारखाना त्याच्याकडून दीड-दोन हजार प्रती ओढून काढतो. पहिल्या शंभरात निघालेली प्रत आणि शेवटच्या शंभरातली प्रत यांत म्हणूनच फरक पडतो, आणि जुन्या तबकड्यांच्या बाजारात पहिल्या प्रतींना जादा भाव येतो त्यामागे नुसती हौस नसते.

आता खुद्द प्रेस. विनाइलचे दाणे वितळवून त्यांचा गरम गोळा करतात. वर-खाली दोन्ही बाजूंची लेबलं ठेवतात आणि पुरीयंत्रात पिठाचा गोळा दाबावा तसा तो दोन साच्यांमध्ये दाबतात. फरक इतकाच की इथे दाब सुमारे १०० टनांचा असतो आणि उष्णता १५० अंश सेल्सिअसच्या आसपास. साच्यामागच्या नळ्यांतून आधी वाफ सोडतात, विनाइल खाचेच्या तळापर्यंत वाहतं. मग त्याच नळ्यांतून थंड पाणी सोडतात, तबकडी घट्ट होते. हा सगळा फेरा साधारण २५ ते ३५ सेकंदांचा. कडेला पसरलेला जादा भाग कापला जातो आणि तबकडी चवडीवर जाऊन पडते.

या फेऱ्यात वाचवलेले किंवा दिलेले पाच-दहा सेकंदच कारखान्याचं चारित्र्य सांगतात. वाफेला वेळ कमी दिला, तर विनाइल खाचेत पुरतं उतरत नाही. भिंतीवर सूक्ष्म खळगे राहतात आणि सुई त्यावरून जाताना कापड फाडल्यासारखा आवाज येतो, बहुतेकदा एकाच बाजूच्या स्पीकरमधून. जाणकार याला नॉन-फिल म्हणतात. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली, तर अशा जागी काळ्या पृष्ठभागावर करड्या, फिकट डागांचा पट्टा दिसतो. कितीही धुतलं तरी तो जात नाही. थंड पाण्याचे सेकंद वाचवले, तर तबकडी कोमट असतानाच बाहेर येते आणि चवडीत वाकते. कोमट असतानाच पाकिटात घालून प्लॅस्टिकने आवळली तर हमखास वाकते. लेबलाचा कागद आधी भट्टीत नीट वाळवला नाही, तर दाबाखाली त्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि लेबलावर फोड उठतात. म्हणून नवी तबकडी हातात आली की मी आधी लेबल पाहते. लेबलावर फोड दिसले, की त्या कारखान्यात इतर ठिकाणीही घाई झाली असणार, असं मी धरून चालते.

सगळ्यांत कमी बोललं जातं ते मधल्या भोकाबद्दल, आणि आपल्या संगीताला सर्वांत जास्त मारतं तेच. साच्याला भोक पाडताना खाचांच्या वर्तुळाचं केंद्र यंत्रावर अचूक शोधावं लागतं. ते चुकलं तर भोक एकीकडे आणि संगीताचं केंद्र दुसरीकडे. तबकडी फिरताना टोनआर्म झोका घेतल्यासारखा आत-बाहेर होतो, डोळ्यांनी दिसतं. कानाला काय होतं, ते हिशेबाने पाहू. भोक पाऊण मिलिमीटर सरकलं आहे असं समजा. शेवटच्या खाचांची त्रिज्या साधारण ६० मिलिमीटर. पाऊण भागिले साठ म्हणजे ऐंशीत एक. तबकडीच्या दर फेरीत, म्हणजे दर १.८ सेकंदांत, स्वर एकदा ऐंशीत एक भागाने चढणार आणि एकदा तितकाच उतरणार. ८१ ला ८० हे गुणोत्तर आपल्या संगीतशास्त्राला चांगलं परिचयाचं आहे, ती प्रमाणश्रुती. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या चुकीने तानपुऱ्याचा षड्ज मधल्या जागेपासून एक श्रुती वर आणि एक श्रुती खाली, असा सतत झुलत राहतो. गायकाने जन्मभर ज्या एका श्रुतीसाठी रियाज केला, ती भोक पाडणाऱ्या यंत्राच्या ढिलाईत वाहून जाते. रॉकच्या तबकडीत ढोल आणि गिटारच्या गदारोळात हे खपून जातं. पियानो, बासरी, सनई आणि तानपुरा यांच्या तबकडीत ते असह्य होतं.

चांगला कारखाना ही चूक ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवतो. त्या मापाला साठाच्या त्रिज्येवर स्वर तीनशेत एक भाग हलतो, आणि बाहेरच्या खाचांवर त्याहून खूपच कमी. दोन्ही बाजूंचे साचे स्वतंत्रपणे केंद्रित केलेले असतात, त्यामुळे एक बाजू स्थिर आणि दुसरी झुलणारी, असंही होतं. नवीकोरी, महागडी तबकडी लावावी आणि दुसऱ्या बाजूच्या आलापात बासरी अशी डुलताना ऐकावी, हा अनुभव माझ्या वाट्याला आला आहे, आणि त्या पाकिटावर १८० ग्रॅम हे मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. जपानच्या नाकामिची कंपनीने ऐंशीच्या दशकात टीएक्स-१००० नावाचा एक टर्नटेबल काढला होता. तो तबकडीची शेवटची खाच चाचपून खरं केंद्र शोधायचा आणि प्लॅटर तेवढा सरकवून घ्यायचा. त्याची किंमत सामान्य शौकिनाच्या आवाक्याबाहेरची होती. भोक पाडतानाच काळजी घेणं कितीतरी स्वस्त पडलं असतं.

वजनाबद्दल जे बोललं जातं ते थोडं तपासून घेऊ. खाचेची खोली १२० ग्रॅमच्या तबकडीत जेवढी, तेवढीच १८० ग्रॅमच्या. जाड तबकडी वाकायला थोडा जास्त विरोध करते, हाताला भरभक्कम लागते. पण ती थंड व्हायलाही जास्त वेळ मागते, आणि तो दिला नाही तर उलट फळ मिळतं. दुसऱ्या टोकाला सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने डायनाफ्लेक्स नावाच्या, हातात धरली की लवणाऱ्या पातळ तबकड्या काढल्या. लोकांनी त्यांची बरीच निंदा केली, तरी त्यांतल्या अनेक शांत वाजतात.

शांतता येते ती मालातून. रेकॉर्डचं विनाइल म्हणजे विनाइल क्लोराइड आणि विनाइल ॲसिटेट यांचं मिश्रण, त्यात थोडी काजळी आणि स्थिर राहण्यासाठी इतर काही द्रव्यं. १९७३च्या तेलसंकटात हा कच्चा माल महाग आणि दुर्मीळ झाला. अनेक कारखान्यांनी कापलेले तुकडे आणि परत आलेल्या तबकड्या पुन्हा वितळवून वापरल्या. त्या काळातल्या कित्येक अमेरिकी तबकड्यांत खरखरीचा जो थर आहे तो तिथून आला. त्याच वर्षांत जपानच्या जेव्हीसी कंपनीचा प्रवास उलट दिशेने चालला होता. चार स्पीकरांच्या तबकडीसाठी त्यांना ३० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकूच न येणारा, वाहक संकेत खाचेत कोरायचा होता. तो टिकावा म्हणून त्यांनी जास्त टणक आणि जास्त शुद्ध मिश्रण तयार केलं. चार स्पीकरांची कल्पना बाजारात टिकली नाही. ते विनाइल मात्र टिकलं. अमेरिकेची मोबाइल फिडेलिटी ही कंपनी पुढे आपल्या तबकड्या दाबून घ्यायला जपानला जाऊ लागली ती त्याचसाठी.

म्हणून जपानी तबकडी सर्वांत चांगली, असं मात्र लगेच म्हणू नये. ती शांत असते, सपाट असते, भोक बहुधा जागेवर असतं. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या गाण्यांच्या मूळ टेप तिकडे क्वचितच जात. जायच्या त्या नकला. नकलेवरून कोरलेल्या तबकडीत शांतता भरपूर आणि आवाजाची ताजगी थोडी कमी, असं अनेकदा आढळतं. मूळ देशातली पहिली तबकडी थोडी खरखरते, पण गायक समोर बसल्यासारखा वाटतो. या दोहोंत निवड करायची तर मी खरखर पत्करून दुसरी घेईन. तानपुऱ्याची कसोटी मी सांगितली ती कारखान्यासाठी. टेपची कसोटी गळ्यावरच लागते.

टेपमधली चूक कारखाना दुरुस्त करू शकत नाही, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीचं. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्या बाजूचं मुद्रण झालं त्या दिवशी एक टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे त्या बाजूचं संगीत तबकडीवर मूळ पट्टीपेक्षा किंचित चढं उतरलं. कोलंबिया कंपनीच्या कारखान्यांनी लाखो प्रती दाबल्या, सुबकपणे दाबल्या, आणि प्रत्येक प्रतीत ती चढी पट्टी होती. १९९२ साली दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ती दुरुस्त झाली.

आज कोण चांगलं दाबतं? जर्मनीच्या डीपहोल्झ गावचा पलास हा घरंदाज कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून एकाच कुटुंबाच्या हातात आहे, आणि त्याच्या तबकड्या सातत्यासाठी ओळखल्या जातात. र्‍योबेल इथला ऑप्टिमल हा तिथलाच दुसरा मोठा कारखाना. काम मोठं असूनही दर्जा बऱ्यापैकी सांभाळतो. हॉलंडमध्ये हार्लेमला रेकॉर्ड इंडस्ट्री आहे. एकेकाळी तो सीबीएस कंपनीचा कारखाना होता. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या सॅलिना गावी चॅड कॅसम यांनी २०११ मध्ये क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज उभा केला. जुने प्रेस दुरुस्त करून, साच्याचं तापमान यंत्राने मोजत, कमी संख्येत दाबायचं हे त्याचं धोरण, आणि ते तबकडीत ऐकू येतं. चेक प्रजासत्ताकातल्या लोडेनित्सेचा जीझेड मीडिया हा जगातला सर्वांत मोठा. कम्युनिस्ट राजवटीत १९५१ साली सुरू झालेला हा कारखाना विनाइलच्या पडत्या काळातही प्रेस मोडीत न काढता तग धरून राहिला, आणि आजच्या लाटेचं बरंचसं ओझं त्यानेच उचललं. त्याच्याबद्दल चांगलं आणि वाईट दोन्ही ऐकू येतं, आणि दोन्ही खरं आहे. इतक्या प्रचंड संख्येत काम करणाऱ्या कारखान्यात गिऱ्हाईक कंपनी नमुना प्रत किती काटेकोरपणे तपासते, यावर फार काही ठरतं. नमुन्यादाखल आलेल्या चार-पाच प्रती नीट बसून ऐकणारी आणि न पटल्यास परत पाठवणारी कंपनी असेल, तर तोच कारखाना उत्तम माल देतो.

कारखाना कोणता हे तबकडीवरच लिहिलेलं असतं. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जी कोरी पट्टी असते, ती दिव्याखाली तिरकी धरून पाहावी. तिथे मॅट्रिक्स क्रमांक असतो, कधी कोरणाऱ्या अभियंत्याची सही असते. अमेरिकेच्या ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर अभियंता रूडी व्हॅन गेल्डर यांचा शिक्का आणि शेजारी कानाच्या आकाराची एक वेलांटी सापडते. ती प्लास्टीलाइट या न्यू जर्सीच्या कारखान्याची खूण. १९६६ नंतरच्या प्रतींवर ती नाही, आणि या एवढ्याशा वेलांटीने किंमत कितीतरी पटींनी बदलते. इंग्लंडमध्ये हेझ इथल्या कारखान्यात साच्याचा क्रमांक अक्षरांत टाकत. ग्रामोफोन लिमिटेडच्या इंग्रजी संक्षेपातली दहा अक्षरं म्हणजे एकपासून शून्यापर्यंतचे दहा अंक. 'जी' असेल तर पहिला साचा, 'आर' असेल तर दुसरा. एवढं कळलं की हातातली प्रत किती आधीच्या साच्याची, हे दुकानात उभ्या उभ्या सांगता येतं.

आपल्याकडची कहाणी लाखेपासून सुरू होते. विनाइल येण्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असत, आणि जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जाई. दुसऱ्या महायुद्धात ती वाट अडली तेव्हा पाश्चात्त्य देशांत नवी रेकॉर्ड घ्यायला जुनी मोडीत द्यावी लागे. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गायिका गौहरजानचा आवाज मुद्रित केला. तबकड्या दाबल्या गेल्या त्या जर्मनीत हॅनोव्हरला. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदाला कारखाना सुरू झाला, आणि विसाच्या दशकाच्या अखेरीस दमदमला. मुंबईतही काही काळ असं काम चालत होतं. तिसाच्या दशकात वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन कंपनीने 'यंग इंडिया' या नावाच्या तबकड्या काढल्या. पण मराठी घरांत ज्या एलपी आणि ईपी आल्या, नाट्यपदं, भावगीतं, ख्याल, त्या बहुतांश दमदमच्याच.

दमदमच्या तबकड्यांना आपणच उगाच कमी लेखतो, असं माझं मत आहे. लेबलावर 'ईसीएलपी' क्रमांक असलेल्या साठच्या दशकातल्या मोनो ख्यालाच्या तबकड्या जाड आहेत, भोक बहुधा जागेवर आहे, आणि मूळ टेप इथेच असल्यामुळे गळा अगदी जवळ येतो. नंतरच्या काळातल्या प्रतींत सातत्य कमी होतं, हेही खरं. तरी दमदमच्या नावावर खपणारी निम्मी खरखर कारखान्याची नाहीच. ती घरांत झालेली आहे. जड टोनआर्म, झिजूनही न बदललेली सुई, आणि कोकण-मुंबईचा पावसाळा. तिन्हींचे आवाज वेगवेगळे असतात. ओरखडा दर १.८ सेकंदांनी ठरावीक ठोका देतो. झिजलेली खाच शांत जागी गप्प राहते आणि आवाज चढला की भरडते. बुरशीची चुरचुर तबकडीभर पसरलेली असते आणि नीट धुतल्यावर तिचा मोठा भाग निघून जातो. जी खरखर धुऊनही जात नाही, आवाज चढो वा उतरो सारखीच राहते, ती मालाची. तिचं उत्तर कारखान्याने द्यायचं.

कोरण्याच्या आणि टेपच्या बाबतीत आपला कान किती दूर पोचतो, हे २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटीच्या प्रकरणातून दिसलं. मूळ टेपवरून थेट कोरलेल्या समजून लोक ज्या तबकड्या डोक्यावर घेत होते, त्यांतल्या कित्येकांत मध्ये डिजिटल टप्पा होता, आणि तो वर्षानुवर्षं होता. ग्राहक चिडले ते रास्तच होतं. पाकिटावर खरं लिहायला हवं. पण त्या तबकड्या आदल्या दिवशी जितक्या चांगल्या वाजत होत्या तितक्याच दुसऱ्या दिवशीही वाजत राहिल्या. डिजिटल की टेप, या वादात जेवढी शाई खर्च होते, तिच्या निम्मीही भोकाच्या केंद्रावर होत नाही, याचं मला वाईट वाटतं. डिजिटल टप्पा ओळखायला जाणकारांना कष्ट पडले. झुलणारा षड्ज कुणालाही ऐकू येतो.

दमदमची यंत्रं थांबल्यावर अनेक वर्षं भारतीय संगीताच्या नव्या तबकड्या युरोपात दाबून इथे येत राहिल्या, आणि जाण्या-येण्याच्या खर्चामुळे एकेकीला अडीच-तीन हजार रुपये पडू लागले. २०२४ मध्ये मुंबईत पुन्हा एक प्रेसिंग कारखाना सुरू झाला आहे. त्याच्याबद्दल मत बनवायला घाई नको. नव्या प्रेसवर हात बसायला वेळ लागतो, आणि आपल्या हवेतला ओलावा लेबलाच्या कागदाला आणि मुलाम्याच्या खोलीला सतत जपायला लावणार. पण एक फायदा त्याला जन्मजात आहे. तपासायला बसणाऱ्या माणसाला तानपुरा कसा लागला पाहिजे हे माहीत असेल. चेक किंवा जर्मन तपासनीस कितीही काटेकोर असला, तरी स्वर एका श्रुतीने हलला हे त्याला भीमपलासीत जाणवेलच असं नाही.

तोवर दुकानात करण्यासारखं एवढं आहे. तबकडी पाकिटातून काढून डोळ्यांच्या रेषेत धरावी, वाक दिसतो. दिव्याखाली तिरकी करून करडे पट्टे शोधावे, लेबलावर बोट फिरवून फोड चाचपावे, कोऱ्या पट्टीवरचा क्रमांक वाचावा. लावून पाहायची सोय असेल तर बाजूचा आरंभ नव्हे, शेवट लावावा; टोनआर्मचा झोका तिथेही डोळ्यांना तेवढाच दिसतो, पण स्वराला तो सर्वांत जास्त तिथेच हलवतो. आणि दोन्ही बाजू पाहाव्या, कारण दोन्हींचे साचे वेगळे. नवी तबकडी झुलत असेल तर ती नि:संकोच परत करावी. परत आलेल्या प्रती मोजल्या जातात, आणि साचा कधी बदलायचा हे कारखाने त्या आकड्यावरूनही ठरवतात.